नाव सापडेपर्यंत: वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची शोधसेवा आणि खडकीची वॉर सिमेट्री

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी सैनिकांच्या स्मरणाची उपासना ठेवणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या आपल्याकडे आहेत. पण बहुतेक ठिकाणी प्रार्थना ‘देशासाठी प्राण दिलेल्या सर्व सैनिकांसाठी’ एवढ्यावर आटोपते आणि एकही नाव घेतलं जात नाही. बायबलातल्या यशयाच्या त्रेचाळिसाव्या अध्यायातला देव माणसाला नाव घेऊन हाक मारतो, आणि आपण त्याच्यासमोर उभं राहून माणसं घाऊक मोजतो. हे बदलायचं तर आधी नावं हातात हवीत. त्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावरची मोफत शोधसेवा हे आजचं सर्वांत भरवशाचं साधन आहे. ती कशी वापरावी, कुठे अडते आणि कुठे अपुरी पडते, ते इथे मांडलं आहे. याच कमिशनच्या देखभालीखाली असलेल्या खडकीच्या वॉर सिमेट्रीबद्दलही लिहिलं आहे, कारण पुणे परिसरातल्या मंडळ्यांना तिथे प्रत्यक्ष जाता येतं.

कमिशनची सनद 21 मे 1917 ची, पहिलं महायुद्ध चालू असतानाची. आज दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 17 लाख मृतांची नोंद आणि दीडशेहून अधिक देशांतली जवळपास 23,000 ठिकाणं ते सांभाळतं. खर्च सहा देश उचलतात आणि त्यात भारतही आहे. त्यामुळे ही काही परक्यांची मेहेरबानी नव्हे, चौकशी करताना संकोच नको.

पहिली अट नीट समजून घ्या, कारण निम्मी निराशा तिच्यामुळेच होते. पहिल्या महायुद्धासाठी 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि दुसऱ्यासाठी 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947 या काळातले मृत्यूच इथे धरले जातात. आजोबा बर्मात लढले, घरी परतले आणि 1950 मध्ये वारले, तर त्यांचं नाव इथे मिळणार नाही. 1962, 1965, 1971 च्या लढायांतले जवानही इथे नाहीत. कितीही शोधलं तरी नाव येत नसेल तर आधी मृत्यूची तारीख तपासावी.

आता प्रत्यक्ष शोध. ‘युद्धमृत शोधा’ अशा अर्थाच्या पानावर आडनावाचा आणि नावाचा असे दोन रकाने दिसतात. आपण सवयीने आडनावाच्या रकान्यात आडनाव भरतो आणि निकाल शून्य येतो. कारण त्या काळच्या भारतीय शिपायांच्या नोंदींत नाव आणि आडनाव वेगळं काढलेलं नसतं. पुष्कळदा अख्खं नाव एकाच रकान्यात आडनाव म्हणून बसवलेलं असतं, तर कधी नुसतं पहिलं नाव असतं. म्हणून ‘गणपत’, ‘राघू’, ‘बाळा’ ही पहिली नावं आडनावाच्या रकान्यात टाकून बघा. त्यानंतर उलटं करून बघा.

दुसरी अडचण स्पेलिंगची. नोंद करणारा कारकून जे कानावर पडलं ते इंग्रजीत उतरवायचा. भोसले कधी मधे ‘एन’ घालून, कधी ‘ए’ गाळून. पवारचं पोवार होतं, चव्हाणचं चोवान. जाधवच्या शेवटी ‘व्ही’ असेल असं नाही, ‘ओ’ किंवा ‘डब्ल्यू’ही असतो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी यशवंत घाडगे यांचं पहिलं नाव इंग्रजी कागदांत ‘येशवंत’ असं लागतं. ‘यश’ने सुरुवात करून शोधणाऱ्याला ते हुकण्याचीच शक्यता जास्त. इतक्या नामवंत वीराची ही गत, तर साध्या शिपायाच्या नावाची काय कथा. प्रत्येक आडनावाची चार-पाच स्पेलिंगं आधी कागदावर काढून घ्यावी आणि मगच शोधायला बसावं.

ख्रिस्ती नावांत आणखी एक पेच आहे. याकोब, दावीद, योहान, शद्रख ही नावं काही नोंदींत मराठी उच्चाराप्रमाणे असतात, काहींत इंग्रजी बायबलातल्या रूपात. याकोबसाठी ‘जेकब’, योहानसाठी ‘जॉन’ अशा दोन्ही वाटा चालून पाहाव्यात. दावीदचं दाऊदही झालेलं असतं, आणि मग ती नोंद मुसलमान शिपायाची समजून आपण पुढे सरकतो. तिथे थांबून बापाचं नाव वाचा.

नावाने काम होत नसेल तर पलटणीने शोधा. इथे ‘मराठा’ हा शब्द जुन्या स्पेलिंगने, म्हणजे ‘म’नंतर ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ घालून लिहावा लागतो. पहिल्या महायुद्धात 103, 105, 110, 114, 116, 117 असे क्रमांक असलेल्या मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या सगळ्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीखाली येतात. महार रेजिमेंट 1941 मध्ये उभी राहिली, त्यामुळे ती दुसऱ्या महायुद्धाच्या गाळणीतच दिसेल. आणि फक्त लढणाऱ्या पलटणींवर अडून राहू नका. सर्व्हिस कॉर्प्स, हॉस्पिटल कॉर्प्स, ऑर्डनन्स, पायोनियर ही खातीही उघडून पाहा. स्ट्रेचर उचलणारा, खेचर हाकणारा, रोटी भाजणारा हाही युद्धात मेलेला माणूसच आहे, आणि त्याच्या घरच्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित रकाना म्हणजे ‘अधिक माहिती’चा. तो विस्तारित शोधात उघडतो. नोंदीच्या या भागात ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तमुक जिल्हा’ असं लिहिलेलं असतं. त्यात गावाचं किंवा जिल्ह्याचं नाव टाकलं की त्या मुलखातली माणसं एकत्र समोर येतात. जिल्हा मात्र त्या काळचा द्या. रायगड म्हणून काही सापडणार नाही, कुलाबा लिहावं लागेल. सिंधुदुर्गाची गावं रत्नागिरीत आहेत, आजच्या सांगलीतली बरीचशी साताऱ्यात. पुण्याचं आणि ठाण्याचं स्पेलिंगही इंग्रजी अमदानीतलंच घ्यावं. एखाद्या मंडळीला आपल्या पंचक्रोशीची यादी करायची असेल तर नावापेक्षा हा रस्ता कितीतरी जवळचा आहे.

निकाल आला की स्मारकाच्या नावावरून पुष्कळ गोष्टी कळतात. ख्रिस्ती आणि मुसलमान शिपायाला पुरलं जाई, त्याची कबर टिकली असेल तर प्लॉट, ओळ आणि कबर असा तीन भागांचा क्रमांक मिळतो. हिंदू आणि शीख शिपायाचं दहन होई, म्हणून त्यांची नावं दहन-स्मारकांवर असतात. ज्यांचा देहच सापडला नाही ते कोणत्याही धर्माचे असोत, भिंतीवरच्या पॅनलवर आहेत. तेव्हा ख्रिस्ती नातेवाईक शोधताना आधी दफनभूमी पाहाव्यात, मग पॅनलं. मराठा पलटणींची माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, फार मोठ्या संख्येने गेली. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाल्यावर कैदेतही अनेक जण दगावले. त्यांच्यासाठी बसरा स्मारक पाहावं. दुसऱ्या महायुद्धासाठी एरिट्रियातलं केरेन, इजिप्तमधलं अलामेन, इटलीतली कॅसिनो, सांग्रो नदी आणि फोर्ली, आणि बर्मातलं रंगून स्मारक हे क्रमाने तपासलं तर बरेच धागे लागतात.

प्रत्येक नोंदीतून स्मरण-प्रमाणपत्र फुकट उतरवून घेता येतं. छापून चौकटीत लावण्याजोगं ते नीटस असतं. कबर असेल तर बऱ्याच नोंदींना जुन्या कागदांच्या प्रतीही जोडलेल्या असतात. त्यात दफनाची नोंद, दुसरीकडून अवशेष आणले असतील तर त्याचा तक्ता आणि शिळेवर काय कोरायचं त्याची यादी असते. हे कागद उघडल्याशिवाय काम पुरं झालं असं समजू नये. संकेतस्थळावर टंकलेल्या नावात चूक असली तर ती याच कागदांत उघडी पडते. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, मराठीत काही नाही, ही मोठी उणीव. त्यामुळे उपासनेत वाचायची यादी देवनागरीत आधी लिहून काढावी, आणि उच्चाराबद्दल त्या घराण्यातल्या कुणालातरी विचारावं. ऐन उपासनेत पाळकांनी इंग्रजी स्पेलिंगवरून ‘गायकवाड’ अडखळत वाचावं, याने त्या घरच्यांचं मन दुखतं.

आता या सेवेचं सगळ्यात मोठं अपयश. ते कमिशनने स्वतःच कबूल केलं आहे. एप्रिल 2021 च्या त्यांच्या अहवालानुसार पहिल्या महायुद्धातल्या किमान 1,16,000 आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचं स्मरण नावानिशी झालंच नाही, किंवा मुळीच झालं नाही. ही माणसं मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्ती. शिवाय भारतीयांसह आणखी हजारो जणांचं स्मरण झालं, पण इतरांच्या बरोबरीने नाही. ‘दर्जा, वंश, धर्म न पाहता प्रत्येकाला समान स्मरण’ हे ज्या संस्थेचं मूळ ब्रीद, तिच्याच हातून हे घडलं. बसरा स्मारकाचं उदाहरण बोलकं आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि शिपायांची मात्र पलटणीगणिक संख्या. आज ती नावं शोधसेवेत मिळतात, पण दगडावर शंभर वर्षं आकडाच राहिला. आपल्याकडे सातारा आणि कोकणातल्या गावांत ज्या संगमरवरी पाट्या आहेत त्यांनीही हेच केलं. या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत, एवढंच. म्हणून एखादं नाव न मिळाल्यास घरातली आठवण खोटी ठरवू नका. नोंदच झालेली नसेल हे शक्य आहे.

अशा वेळी कमिशनकडे चौकशी पाठवता येते, पण नुसत्या सांगण्यावर ते नाव घेत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. पुरावा हवा. शिपाई नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि मृत्यू सेवेत असताना किंवा युद्धाच्या कारणाने झाला हे दाखवणारा कागद. घरातल्या पदकाची कड भिंगाखाली पाहा. ब्रिटिश काळातल्या पदकांच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते, आणि पुष्कळदा घरात तेवढाच पुरावा उरलेला असतो. म्हणून पदक ब्रासोने घासून चकचकीत करू नका. वर्षानुवर्षं पॉलिश केलं की ती बारीक अक्षरं झिजतात आणि पुरावा हातचा जातो. कुटुंब-पेन्शनचं जुनं पुस्तक मिळालं तर उत्तमच. मराठा लाइट इन्फन्ट्रीबाबत बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडे लेखी विचारणा करता येते. या सगळ्याला महिने जातात. नोव्हेंबरची उपासना डोळ्यांपुढे असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कामाला लागावं.

खडकीची वॉर सिमेट्री मुळा नदीच्या बाजूला, होळकर पुलाजवळ आहे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, त्या इथे आणल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 कबरी इथे आहेत. याच आवारात 1914–1918 चं स्मारक आहे, त्यावर 1,800 हून जास्त नावं. इथे एक गल्लत नेहमी होते. शोधसेवेत ‘कर्की 1914–1918 मेमोरियल’ (कर्की म्हणजे इंग्रजी अमदानीतली खडकी) असं आलं म्हणजे त्या माणसाची कबर खडकीत आहे असं समजून लोक ओळी धुंडाळत बसतात. ही माणसं पुरली गेली ती भारत-पाकिस्तानातल्या वेगवेगळ्या कँटोन्मेंट आणि गावच्या दफनभूमींत, इथे त्यांचं फक्त नाव आहे. अपवाद मुंबईच्या शिवडी दफनभूमीतल्या 629 जणांचा, त्यांचे अवशेष जून 1962 मध्ये इथे आणले. म्हणून नोंदीत कबरीचा क्रमांक आहे की स्मारकाच्या बाजूचा, हे निघण्यापूर्वी टिपून घ्या. हा क्रमांक सोबत नसेल तर दीड हजारावर कबरींमधून एक शोधणं हे उन्हातलं फार दमवणारं काम आहे.

देखभालीत मात्र बोट ठेवायला जागा नाही. हिरवळ कातरलेली, ओळी सरळ, आणि सुभेदार असो की साधा शिपाई, कुणाचीही शिळा दुसऱ्यापेक्षा मोठी नाही. कमिशनची ठरलेली शिळा जमिनीवर सुमारे 76 सेंटीमीटर उंच आणि 38 सेंटीमीटर रुंद असते. मृताच्या धर्माप्रमाणे त्यावर क्रूस किंवा दुसरं चिन्ह, आणि खाली कुटुंबाने दिलेली ओळ, जास्तीत जास्त 66 अक्षरांची. या ओळी वाचत हळूहळू चाला. पुष्कळ ठिकाणी शास्त्रवचन आहे, आणि कुठे आईने थेट मुलाशी बोलावं तसे चार शब्द. मंडळीतल्या तरुणांना नेलंत तर भाषण देऊ नका, प्रत्येकाला एक ओळ द्या आणि प्रत्येक नाव मोठ्याने वाचायला सांगा.

फुलं न्यायची तर पुष्पचक्राची तार उघडी नको. लोखंडी तार ओल्या दगडाला टेकली की तांबूस डाग पडतो आणि तो दगडात मुरतो. मेणबत्ती शिळेवर लावू नये, मेण सच्छिद्र दगडात शिरतं आणि खरवडलं की अक्षराची धार जाते. अक्षरं फोटोत दिसत नाहीत म्हणून खडू फासणं टाळा. स्वच्छ पाण्याचा हलका फवारा पुरतो, किंवा सकाळी ऊन तिरपं असताना या, सावलीने अक्षरं आपोआप उठतात. शेवाळ दिसलं तर स्वतः ब्रश घेऊन बसू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. लाकडी छोटा क्रूस रोवायचा तर शिळेच्या पायथ्याच्या फुलझाडांच्या वाफ्यात, रोपांची मुळं टाळून.

कमिशनच्या दफनभूमींत उभ्या असलेल्या मोठ्या क्रूसाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण ख्रिस्ती माणसाला तिथे एक खटका लागतो. कमिशनच्या ‘क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस’वर काशाची तलवार लावलेली असते, पातं खाली केलेलं. रचना वास्तुकार रेजिनाल्ड ब्लोमफील्ड यांची. वधस्तंभावर तलवार का, हा प्रश्न मनात येणं चुकीचं नाही. तलवारीचे फाळ होतील असं सांगणारं शास्त्र आपणच वाचतो. मंडळीने ही अडचण लपवू नये, उपासनेत बोलून दाखवावी. स्मरण म्हणजे युद्धाचा गौरव नव्हे. मित्रांसाठी प्राण देण्याबद्दल योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू बोलतो ते स्वतःच्या मरणाकडे पाहत, आणि ते वचन सैनिकासाठी वापरताना हा संदर्भ सोडता कामा नये.

शिळा क्रूसाच्याच आकाराच्या हव्यात, अशी मागणी तेव्हा इंग्लंडातल्या अनेक कुटुंबांनी लावून धरली होती. 4 मे 1920 ला ब्रिटिश संसदेत त्यावर वादही झाला. अखेर सगळ्यांना एकसारखी शिळा आणि क्रूस तिच्यावर कोरलेला, हेच टिकलं. ते योग्य झालं असं आमचं ठाम मत आहे. शेजारी हिंदू, मुसलमान, ज्यू शिपाई असताना ख्रिस्ती शिपायाची खूण उंच करणं हे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. एक हजारावर कबरी असलेल्या दफनभूमींत वास्तुकार लट्यन्स यांनी आखलेली मोठी स्मरणशिळाही ठेवतात. तिच्यावरची नाव सदैव जिवंत राहण्याची ओळ रुडयार्ड किपलिंग यांनी सुचवली. ती सिराखच्या 44 व्या अध्यायातली आहे. प्रॉटेस्टंट मंडळींत वापरल्या जाणाऱ्या मराठी बायबलात हे पुस्तक नसतं, म्हणून शास्त्रपाठासाठी ते शोधत बसू नका. कॅथलिक बायबलात मिळेल.

उपासनेचा क्रम साधा ठेवावा. अकरा वाजता दोन मिनिटं शांतता, त्याआधी बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ची धून, नंतर ‘रूझ’ची. अकराची ती दोन मिनिटं आपल्याला 30 जानेवारीमुळे ओळखीची आहेत, वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बिगुल वाजवणारा मिळाला नाही तर ध्वनिमुद्रण चालेल, पण आधी तपासून घ्या. शांततेच्या मधोमध मोबाइलवर जाहिरात वाजणं अक्षम्य आहे. नावं शांततेआधी वाचा, नंतर नको. शांततेत मनाला धरायला काहीतरी हवं असतं. वीसपेक्षा जास्त नावं असतील तर दोघांनी आळीपाळीने वाचावी, आणि प्रत्येक नावानंतर एक श्वास थांबावं.

राहिले हयात माजी सैनिक. ही सेवा त्यांच्यासाठी नाही, आणि तिच्याकडून ती अपेक्षाही करू नये. मृतांच्या यादीनंतर लगेच त्यांना उभं करून टाळ्या वाजवण्याची पद्धत काही ठिकाणी पडते आहे, ती थांबवलेली बरी. ज्याने शेजारचा माणूस पडताना पाहिला, त्याला त्या क्षणी टाळ्या ऐकवत नाहीत. त्यांच्यासाठी 14 जानेवारीचा माजी सैनिक दिन आहे, फील्ड मार्शल करिअप्पा 1953 मध्ये त्या दिवशी निवृत्त झाले. त्याच्या जवळचा रविवार घ्यावा, आधी घरी जाऊन विचारावं, आणि नको म्हटलं तर आग्रह धरू नये. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरता येतो, पावती नोटिस बोर्डावर लावा. विधवा पेन्शनचे अर्ज, नावातली तफावत, बँकेतला हयातीचा दाखला यांत मंडळीतला कुणी लिहिता-वाचता माणूस सोबत गेला तर त्या सन्मानाला अर्थ येतो.

आणि मंडळीच्या स्वतःच्या दफन रजिस्टरकडे वळा. 31 डिसेंबर 1947 नंतर घरी परतून वारलेले सैनिक त्यातच आहेत, बहुधा फक्त नाव, वय आणि तारीख एवढ्यावर. रजिस्टरमध्ये शाईने खाडाखोड करू नका. सोबत एक वेगळी वही घाला, तीत पान क्रमांक देऊन त्या माणसाचा शिपाई नंबर, हुद्दा, पलटण आणि कुठे सेवा केली ते भरून घ्या. ज्या सुना-मुलींना हे तोंडपाठ आहे त्या आता ऐंशीच्या घरात आहेत, तेव्हा त्यांच्या घरी आधी जा.